काइचोंच्या अंघोळीचं पाणी

सोहारच्या एका अख्ख्या कॅम्पचं पाणी मी एका दुपारी संपवलं, आणि तेही अंघोळ न करता.

एवढ्यावरून तुम्ही मला निष्काळजी समजाल. तसं अजिबात नाही. मी अति काळजी करणारा माणूस आहे. गॅस बंद केलाय का हे बघायला मी पार्किंगमधून परत वर येतो, आणि मग कुलूप लावलंय का हे बघायला पुन्हा वर येतो. (शेजारच्या बाईंना बरेच दिवस मी वॉचमन वाटत होतो.) निष्काळजी माणसाच्या हातून फार तर एखादा नळ उघडा राहतो. साऱ्या कॅम्पच्या तोंडचं पाणी पळवायचं तर माझ्यासारखा काळजी करणाराच लागतो!

आणि २०१७ च्या त्या डिसेंबरात काळजीला कारणही होतं. ओमानमधल्या सोहारच्या बंदराजवळ आमच्या जपानी कंपनीने एक प्लांट उभा केला होता. काम संपत आलं होतं आणि माणसं परत पाठवणं सुरू झालं होतं. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात देखभालीसाठी एकच इंजिनीअर ठेवणार होते. एक तर मी, नाही तर सुब्बू. सुब्बू हुशार, शांत, आणि साहेबांच्या विनोदांना वेळेवर हसणारा. मला त्यांचे विनोद घरी पोचल्यावर कळायचे.

माझी मुलगी सावनी तेव्हा दहावीत होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. जानेवारीत व्हिसा रद्द झाला तर भर वर्षात तिला उचलून डोंबिवलीला न्यायचं, शाळा कोणती, परीक्षेला कुठून बसायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती. तिने एकदाच विषय काढला होता. "बाबा, इफ वी गो नाऊ... मी ना, मी फिनिश होईन." एवढं म्हणून ती खोलीत गेली आणि तिने दार अगदी हळू लावलं. ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अशात माझे सासरे अप्पा व्हिजिट व्हिसावर राहायला आले. अप्पा म्हणजे सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक. आवाज अजून शाळेच्या मैदानाच्या मापाचा, गुडघे मात्र गेलेले. सोफ्यावरून उठताना ते तेहतीस कोटींपैकी निदान पाच-सहा देवांना तरी हाक मारायचे.

ती हाक आमच्या साहेबांनी ऐकली. नाकामुरासान एक ड्रॉइंग द्यायला घरी आले होते आणि माझ्या बायकोने, मेधाने, त्यांना चिवड्याच्या तावडीतून सोडलं नव्हतं. अप्पांना उठताना बघून ते एकदम म्हणाले, "ओफुरो!"

मला वाटलं त्यांच्या घशात शेंगदाणा अडकला. पण ओफुरो म्हणजे जपानी अंघोळ. कॅम्पात जपानी लोकांच्या राहण्याच्या बाजूला त्यांनी स्वतःसाठी एक सार्वजनिक न्हाणीघर बांधलं होतं. मोठ्या टाकीत कढत पाणी, त्यात सगळ्यांनी गळ्यापर्यंत बुडून गप्प बसायचं. वाळवंटात राहतील, उंटाचं मटण खातील, पण त्यावाचून त्यांचा जीव राहत नाही. आम्हा भारतीयांना तिथली फक्त वाफ दिसायची.

"फ्रायडे, फोर ओक्लॉक," नाकामुरासान म्हणाले. "फादर-सान कम. नी, व्हेरी गुड. यू ऑल्सो कम. सिक्स ओक्लॉक, काइचो कम. बिफोर सिक्स, प्लीज फिनिश."

काइचो म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. टोकियोहून येणार होते, आणि कोण राहणार, कोण जाणार यावर शेवटची सही त्यांचीच. त्यांच्या आधी त्यांच्याच टाकीत आम्हाला अंघोळीचा मान! मी आनंदाने 'हो' म्हणालो. मग साहेबांनी नियम सांगितले. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं. टाकीत साबण न्यायचा नाही. टाकीत कपडे न्यायचे नाहीत. टॉवेल लहान, तोही पाण्याला लागता कामा नये.

"मग टॉवेल कुठे ठेवायचा?" मी विचारलं.

"हेड," साहेब म्हणाले आणि स्वतःच्या टकलावर थोपटून दाखवलं.

ते गेल्यावर मेधा म्हणाली, "डोक्यावर? डोकं झाकून काय उपयोग?"

"तोच विचार करतोय."

"आणि अप्पांसमोर तू... म्हणजे तुम्ही दोघं..."

"तोही करतोय!"

लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी अप्पांसमोर मी पायावर पाय टाकून बसत नाही. जेवताना त्यांनी 'भात घ्या' म्हटलं की पोट भरलेलं असलं तरी घेतो. आणि आता सासरा आणि जावई, एका टाकीत, डोक्यावर एकेक टॉवेल! मी शुक्रवारपर्यंत ताप येतो का ते रोज बघत होतो. अप्पा मात्र खुशीत होते. "अहो जावईबापू, आम्ही कृष्णेच्या घाटावर लहानाचे मोठे झालो. लाजायचं काय त्यात? मी माझा पंचा नेसतो. तुमचं तुम्ही बघा."

माझं मी बघितलं ते असं, की साहेबांना राग नको म्हणून नियमाप्रमाणे रुमालाएवढा टॉवेल घेतला. (मोठा टॉवेल गाडीत ठेवला होता. गाडी गेटपाशी. तो तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.)

शुक्रवारी चारला आम्ही पोचलो. बाहेरच्या खोलीत जमिनीवर वेताच्या टोपल्या होत्या, त्यात कपडे काढून ठेवायचे. अप्पांनी धोतर, सदरा, बंडी, सगळं घडी घालून ठेवलं आणि पंचा नेसून तयार झाले. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवढं झाकता येईल तेवढं झाकलं. मग आतलं सरकतं दार उघडलं. टाइल लावलेली मोठी टाकी, वाफ, संथ पाणी. आणि त्या पाण्यावर पिवळीधमक लिंबं तरंगत होती. टाकीभर लिंबं!

अप्पा उंबऱ्यातच थांबले. "जावईबापू, ही लिंबं कसली?"

"असेल काहीतरी जपानी."

"जपानी कशाला असेल? लिंबं ती लिंबं. माझा यावर काडीचा विश्वास नाही. मी विज्ञान शिकवलंय. पण लिंबू असं आपसूक कुठे पडत नाही. कुणीतरी टाकतं."

"माझाही विश्वास नाही," मी घाईने म्हणालो.

"नाहीच ठेवायचा. पण मला सांगा, तुमच्या जागेवर डोळा कुणाचा आहे?"

झालं! आदल्या दिवशी सुब्बूला मी याच बाजूने येताना पाहिलं होतं. हातात पिशवीही होती. आता पिशवीत शर्ट असतील, कांदे असतील, पण माझ्या डोक्यात एकदम लिंबंच शिरली. ज्या पाण्यात तासाभरासाठी मी बसणार, नेमक्या त्याच पाण्यात उतारा? आणि त्यानंतर त्याच पाण्यात काइचो? काइचोंना काही झालं तर सही कोण करणार? (इंजिनीअरिंगला मला डिस्टिंक्शन होतं. हे मी मुद्दाम सांगतो, म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य कळेल.)

"हात लावू नका!" अप्पा ओरडले. मग मी तिथली लाकडी बादली घेऊन एकेक लिंबू उपसलं, बादली लांब धरून बाहेर आवारात नेली आणि कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली. आवारात चिटपाखरू नव्हतं. परत आलो तर अप्पा हाताची घडी घालून उभे.

"लिंबं गेली. पाण्याचं काय?"

"पाण्याचं काय, अप्पा?"

"उतरवलेलं पाणी ते. माझा विश्वास नाही, पण मी त्यात पाय घालणार नाही. आणि तुमच्या त्या मोठ्या साहेबांना तरी का घालू द्यावा? बदलून टाका की. घरी नाही का आपण बादली ओतून देत?"

मला ते पटलं. काळजी करणाऱ्या माणसाला कुठलाही जादा उद्योग पटतो. मी टाकीचं बूच ओढलं.

पाणी निघालं ते धबधब्यासारखं. मोरीचं तोंड लहान, पाणी दांडगं. ते मोरीला न जुमानता सरळ उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत गेलं, आणि टोपल्या तरंगायला लागल्या. अप्पांचं धोतर माझ्या पँटसकट दाराकडे निघालं होतं. मी टाकीचे गरम आणि थंड दोन्ही नळ पूर्ण सोडले, म्हणजे ती इकडे भरत राहील, आणि कपड्यांमागे धावलो. कपडे सापडले, पण पिळून नेसण्यापलीकडे गेले होते. अप्पा स्टुलावर बसून सूचना देत होते. "बंडी! बंडी चालली बघा! तिच्या खिशात पासपोर्टची झेरॉक्स आहे!"

बऱ्याच वेळाने मी घाम पुसत आत आलो. टाकी रिकामी होती. नळ धो धो वाहत होते आणि टाकी ठणठणीत रिकामी! क्षणभर वाटलं, उतारा खरा होता. मग माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. बूच अजून माझ्याच मुठीत होतं.

गॅस बघायला दोनदा जिने चढणारा माणूस मी. मी बूच बसवलं. त्याच क्षणी नळांनी खोकल्यासारखा आवाज केला, थोडी हवा सोडली आणि ते बंद पडले.

मग बाहेरून आरडाओरडा ऐकू यायला लागला. साऱ्या कॅम्पला पाणी पुरवणारी वरची टाकी एकच, आणि शुक्रवार म्हणजे कॅम्पचा सुट्टीचा दिवस. शेकडो माणसं कपडे धुवायला, अंघोळ करायला, दाढी करायला बसलेली. "पानी गया! ओ भाई, पानी गया!" मी दार किलकिलं करून पाहिलं तर अंगाला साबण फासलेली माणसं टॉवेल गुंडाळून आवाराकडे येत होती. त्यांच्या पुढे कॅम्प सांभाळणारा बिजू होता, केरळचा.

"साब, पानी किदर गया?" मग त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "साब, कपडा किदर गया?"

मी थोडक्यात सांगितलं. लिंबांपाशी आलो तेव्हा त्याने दोन्ही हात डोक्यावर मारले. "लिंबू आप फेंका? अय्यो साब! नाकामुरासान सुबे से सूक में था, बाजार में. एक-एक लिंबू देख के लाया, खुद धोया. आज साल का सबसे छोटा दिन है ना? इन लोग का बडा रिवाज है. आज के दिन लिंबू वाला पानी में नहाता, फिर पूरा साल बीमार नहीं पडता. काइचो के वास्ते स्पेशल!"

साहेबांनी स्वतःच्या हाताने धुतलेली लिंबं पिंपात होती, पाणी मोरीत होतं, आणि माझं भवितव्य त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी.

"टँकर बोलाव!" मी ओरडलो.

टँकरवाला सलीम, ओमानी. बिजूने फोन लावला. पलीकडून आरामात उत्तर आलं. आज जुम्मा आहे, घरी जेवण आहे, इन्शाल्ला कल. मी फोन हिसकावून घेतला. "अर्बाब! मालिक! पानी नहीं आया तो मेरा नौकरी खलास! मेरा बेटी का स्कूल खलास!"

मग सलीम म्हणाला, "बेटी कौनसा क्लास?"

"टेन्थ!"

"यल्ला. आता है."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेव्हा लिंबं महत्त्वाची होती. काइचो यायच्या आत ती धुऊन परत पाण्यात सोडली तर कुणाला कळणारही नाही! मी तसाच आवारात धावलो. पिंप खोल, लिंबं तळाशी. मी कमरेत वाकून अर्धा आत शिरलो आणि एकेक लिंबू चाचपडत वर काढू लागलो. मागे साबणवाल्यांची रांग. त्यातला एक म्हणत होता, "साब, पानी मिले तो थोडा इधर भी. आँख में साबुन है."

अचानक सगळे गप्प झाले. गाडीची दारं उघडून बंद झाल्याचा आवाज आला. मी पिंपातून डोकं बाहेर काढायच्या आतच मला कळलं की काइचो वेळेआधी पोचले आहेत, आणि त्यांना माझं पहिलं दर्शन पाठमोरं घडलं आहे.

मी वळलो. एका हातात लिंबं, दुसऱ्या हातात टॉवेलची दोन टोकं. समोर काळ्या सुटातले छोटेसे, वयस्कर काइचो. शेजारी नाकामुरासान, चेहरा भिंतीसारखा पांढरा. काइचोंनी रीतीप्रमाणे कमरेत वाकून मला नमस्कार केला. आता जपानी माणूस वाकला की आपण त्याहून जास्त वाकायचं, हे मला कंपनीने ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी वाकलो. टॉवेल सुटता सुटता वाचला. काइचो पुन्हा वाकले. मीही वाकलो. तिसऱ्यांदा ते वाकले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मनात आलं, सावनीला आज संध्याकाळीच सांगून टाकायचं. पुस्तकं कशी बांधायची, इथपर्यंत मी येऊन पोचलो.

तेवढ्यात न्हाणीघराच्या दारात अप्पा प्रकटले. पंचा नेसलेले, ताठ. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मुख्याध्यापकी इंग्रजीत खणखणीत आवाजात म्हणाले, "वेलकम, सर! देअर वॉज लेमन इन युवर वॉटर. बट डोंट वरी. माय सन-इन-लॉ हॅज थ्रोन ऑल द वॉटर. फॉर युवर सेफ्टी!"

संपलं. मी डोळे मिटले.

काइचोंनी नाकामुरासानकडे पाहिलं. नाकामुरासाननी मला पाहिलं, अप्पांना पाहिलं, साबणवाल्यांची रांग पाहिली, माझ्या हातातली लिंबं पाहिली. मग एक खोल श्वास घेऊन जपानीत बोलायला सुरुवात केली. बराच वेळ बोलले. मला वाटलं, एवढं मोठं आरोपपत्र! मग काइचोंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते पुढे आले आणि मला चौथ्यांदा वाकून नमस्कार केला. हा इतका लांबला, की खाली वाकल्या-वाकल्या मी दोनदा टॉवेल सावरला.

एवढ्यात हॉर्न वाजवत सलीमचा टँकर आत आला आणि साबणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी टाकी भरली, पाणी तापलं, लिंबं पुन्हा धुऊन सोडली. काइचोंनी आग्रहाने अप्पांना सोबत घेतलं. दारातून मला दिसलं ते एवढंच, की वाफेत दोन म्हातारे गळ्यापर्यंत बुडालेत, एकाच्या डोक्यावर टॉवेल आणि दुसऱ्याच्या डोक्यावर नीट घडी केलेला पंचा. मला कुणी बोलावलं नाही. मी बाहेर बुचाच्या बाजूची भिंत धरून उभा होतो. बाहेर आल्यावर अप्पा एकाही देवाचं नाव न घेता उठले-बसले आणि म्हणाले, "गुडघा मोकळा झाला हो. लिंबाचा गुण असावा."

रविवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनामा इंग्रजीत कसा लिहितात ते पाहून ठेवलं होतं.

"आय टोल्ड काइचो," साहेब म्हणाले, "इंडियन कस्टम. बिग गेस्ट कम, ओल्ड वॉटर ऑल थ्रो. न्यू वॉटर ब्रिंग. बाय ओन हँड. विदाउट क्लोथ. व्हेरी होली."

"पण सर, असं काही..."

"आय नो!" साहेब एकदम म्हणाले. "बट माय लेमन, माय बाथ, माय इंजिनीअर. इफ यू फिनिश, आय फिनिश. सो, कस्टम. ओके?" मग त्यांनी न्हाणीघराची किल्ली माझ्यासमोर सरकवली. "काइचो सेज, धिस मॅन स्टे."

मला रडू आलं. मी खुर्चीतच वाकलो. घरी फोन केला तर मेधाही रडली. सावनी म्हणाली, "रिअली, बाबा? मग मी आता मॅथ्स करू?" (सुब्बूला योकोहामाच्या हेड ऑफिसमध्ये घेतलं, तो माझ्यापेक्षा पुढे गेला. त्याच्या पिशवीत तेव्हा खरंच कांदे होते. मी विचारून घेतलं.)

फक्त एक गोष्ट साहेबांच्याही लक्षात आली नव्हती. काइचोंना आमची पद्धत फार आवडली. ते फेब्रुवारीत आले, तेव्हा त्यांनी आधी तीच मागितली. मेमध्येही आले. मे महिन्यात, सोहारला, कढत अंघोळ! दर वेळी मी त्यांच्यासमोर बूच काढतो, टाकी रिकामी करतो, नवं पाणी भरतो, आणि सूकमधून स्वतः निवडून आणलेली लिंबं सोडतो. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पोशाख ठरलेला आहे. तोच टॉवेल. तो बदलायचा विषय मी एकदा काढला होता, पण नाकामुरासान म्हणाले, "व्हेरी होली."

सावनी दहावी उत्तम पास झाली. इथल्या मराठी मंडळाने मुलांचा सत्कार ठेवला, आणि अट अशी की प्रत्येकाने मराठीत चार वाक्यं बोलायची. सावनी माइकसमोर आली. मग सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आम्ही परत जाणार होतो. पण गेलो नाही. म्हणून मी इथेच परीक्षा दिली. कारण माझे बाबा जपानी लोकांना अंघोळ घालतात."

सारा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. मी दुरुस्ती करायला उठलो, आणि पुन्हा बसलो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडेना.